आवाज आजीचा, जोड तुझी

पुण्यात मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. डिजिटल स्टोरीटेलिंगच्या पेपरसाठी तिने 4 मिनिटांची फिल्म केली. साताऱ्याकडच्या गावी राहणारी तिची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते, आणि मामाने त्या काही वर्षांपूर्वी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. त्या ओव्या, घरच्या अल्बममधले फोटो, एका जुन्या मराठी चित्रपटगीताचा 20 सेकंदांचा तुकडा आणि वर्गातल्या मित्राने दिलेला बीट तिने एकत्र जुळवला. एका ओवीचा शेवट भांड्यांच्या आवाजात बुडाला होता, तेवढा तिने एआयकडून आजीच्याच आवाजात करून घेतला. फिल्म सगळ्यांना आवडली आणि मॅडमनी ती आंतरमहाविद्यालयीन महोत्सवासाठी निवडली. मग जवळची मैत्रीण म्हणाली, "ओव्या आजीच्या, फोटो घरचे, गाणं पिक्चरचं, बीट त्याचा. सगळं आयतं. यात तुझं काय?" आणि फिल्म पाहून मामा भडकला, "माझ्या बापाला व्हिलन केलंस तू!" कारण सासुरवासाच्या ओवीवर तिने आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो लावला आहे आणि तो हळूहळू आजोबांच्या चेहऱ्यावर झूम होत जातो. आजोबा आता नाहीत. महोत्सव तीन आठवड्यांवर आहे आणि फिल्मसोबत 'सर्जनशीलता आणि रीमिक्स' या विषयावर 1,000 शब्दांचं मनोगत द्यायचं आहे. ती विचारते, "ही फिल्म माझी आहे का? नसेल तर मागे घेऊ का? ओव्या तर लोकगीतं, त्या कुणाच्याच नसतात. शिवाय शेवटी मी सगळ्यांची नावं टाकली आहेत. तरी मला चोरी केल्यासारखं का वाटतंय? आणि मनोगतात लिहू तरी काय?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्यावर दोन आरोप झाले आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत, हे तुझ्या लक्षात आलंय का? मैत्रीण म्हणते, यात तू काहीच केलेलं नाहीस. मामा म्हणतो, हे काय करून ठेवलंस! तुझं त्यात काहीच नसतं, तर मामा चिडला असता कुणावर? आईच्या ओव्या तो जन्मापासून ऐकतोय, रेकॉर्डही त्यानेच केल्या. लग्नाचा तो फोटो त्याने कितीदा तरी पाहिला असेल. ओवीचा त्याला कधी राग आला नाही, फोटोचा आला नाही. राग आला तो ही ओवी आणि हा फोटो एकावर एक आले तेव्हा. ते तसे आणले कुणी? तू. आजोबांच्या चेहऱ्याकडे झूम केला कुणी? तू.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मामाने परस्पर देऊन टाकलं आहे. फिल्ममध्ये तुझी आहे ती जोड. आता ती जोड तुझी म्हटल्यावर तिच्याबद्दल कुणी जाब विचारला तर उत्तरही तुलाच द्यावं लागणार. तुला जे चोरीसारखं वाटतंय, ते बहुधा चोरीचं वाटणं नाही. हे उत्तर अजून दिलेलं नाही, त्याची ती टोचणी असावी.

तुमच्या अभ्यासक्रमात कुलेशोव्ह झाला असेल. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या या रशियन दिग्दर्शकाने एकाच नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडून दाखवला आणि लोकांना त्या चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख, असं सांगतात. परीक्षेत पाच मार्कांसाठी आपण हे लिहितो आणि विसरतो. तुझ्या घरी तो प्रयोग झाला आहे. लग्नातला फोटो, नवरदेव गंभीर. त्या काळी फोटोत हसायची पद्धतच नव्हती. त्या गंभीर चेहऱ्याखाली 'सासरी विचारणारं कुणी नाही' अशा अर्थाची ओवी आली आणि गंभीर माणूस निष्ठुर दिसू लागला.

मामाकडे परत येऊच. आधी मैत्रिणीच्या मनातलं गृहीतक बघू, कारण ते तुझ्याही मनात आहे, नाहीतर तिचं बोलणं एवढं लागलं नसतं. खरी निर्मिती म्हणजे शून्यातून केलेली, बाकी सगळं जोडकाम, असं ते गृहीतक. आजीची ओवीच घे. 'पहिली माझी ओवी' ही सुरुवात आजीने शोधली का? तिच्या आईनेही नाही. हजारो बायकांनी तीच सुरुवात घेतली, आणि पुढे कुणी विठ्ठल घातला, कुणी भाऊ, कुणी तान्हं बाळ. चाल ठरलेली, दोन ओळींचा साचा ठरलेला, आणि त्यात आपल्या भावाचं नाव किंवा आपल्या गावची वाट बसवायला मोकळी जागा. ती जागा भरताना बाईचं कसब दिसतं. शेजारणीची ओवी ऐकायची, आपलं नाव घालून म्हणायची, पुढच्या खेपेला तिसरीनेच ती आणखी वळवायची. तू लॅपटॉपवर जे केलंस ते आजीने खुंट्याला हात लावून केलेलं आहे. तिला कुणी 'यात तुझं काय' म्हणून विचारल्याचं ऐकिवात नाही.

संगीत नाटकांची जुनी पुस्तकं कॉलेजच्या लायब्ररीत मिळाली तर एकदा उघडून बघ. अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं 1880 साली. गोष्ट कालिदासाची, पदं अण्णासाहेबांची, आणि चाली कुठून कुठून घेतलेल्या. त्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'चाल' असं लिहून, ज्या मूळ गाण्यावरून ती घेतली त्याचे शब्द दिलेले असत. प्रेक्षकांना उसनं कळायचं, घेणाऱ्याला ते सांगायची लाज नव्हती, आणि तरी ते पद किर्लोस्करांचंच राहिलं. ही पद्धत मला फार आवडते. शेवटी काळ्या पडद्यावर भरभर वर जाणाऱ्या नावांपेक्षा ती जास्त प्रामाणिक आहे, कारण ती जिथे घेतलंय तिथेच सांगते.

फोटो आणि आवाज मिळून गोष्ट सांगायची हा तुमचा प्रकारही काही आकाशातून पडलेला नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजातले चित्रकथी रामायण-महाभारतातले प्रसंग सुट्ट्या कागदांवरच्या चित्रांतून सांगत आले. एक चित्र समोर धरायचं, गायचं, सांगायचं, मग पुढचं काढायचं. चित्रांचे संच वाडवडिलांकडून आलेले. सांगणाऱ्याचं स्वतःचं काय? कुठलं चित्र किती वेळ धरायचं, कुठे थांबायचं, आवाज कुठे चढवायचा. आणि ज्याला आज 'डिजिटल स्टोरीटेलिंग' म्हणून शिकवतात, ते अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 1990 च्या दशकात जो लॅम्बर्ट, डेना अ‍ॅचली आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलं. त्यांच्या कार्यशाळेत साधी माणसं घरचे फोटो घेऊन यायची आणि स्वतःच्या आवाजात दोन-तीन मिनिटांची गोष्ट करायची. नवीन चित्रण करा असा आग्रह तिथे नव्हता. आग्रह होता तो आवाज स्वतःचा हवा आणि गोष्ट कुणाच्या नजरेतून आहे हे कळायला हवं, याचा.

इथे मला तुझ्या फिल्मबद्दल एक शंका आहे. पत्रात तू सगळ्या आवाजांची यादी दिली आहेस, आजीचा, गाण्याचा, बीटचा. तुझा आवाज त्यात कुठेच नाही. 4 मिनिटं कोण बोलतंय? आजी. कोण दाखवतंय? तू, पण लपून. मैत्रिणीला 'यात तुझं काय' असा प्रश्न पडला त्याचं हे एक कारण असू शकेल. दोन-तीन वाक्यं स्वतःच्या आवाजात घाल, 'ही माझी आजी, ही ओवी मला पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा मी असं समजले' इतकं साधं. तेवढ्याने मामाचा अर्धा राग निवळेल, कारण मग तो झूम जगाचा निकाल राहणार नाही. एका नातीचं समजणं, एवढंच उरेल.

आता मामा. तुला वाटतंय त्याचा मुद्दा भावनिक आहे. मला तो कारागिरीचा वाटतो. सासुरवासाची ओवी ही म्हणणारीच्या आयुष्याची साक्ष असतेच असं नाही. सासू प्रेमळ असलेली बाईसुद्धा ती ओवी म्हणते, कारण ती आईकडून आलेली असते, कारण शेजारच्या घरातलं दिसत असतं, कारण पहाटे दळताना कुणाच्या तरी नावाने मन मोकळं करता येतं. उलट कधी कधी ती शब्दशः खरीही असते, आणि जात्यावर म्हटली म्हणूनच ती घरात खपून जाते. तुझ्या आजीच्या बाबतीत यातलं काय आहे? तुला माहीत नाही. मामालाही नाही, मुलगा असला तरी. तू ती ओवी आत्मचरित्र समजून फोटोवर ठेवलीस. ती आत्मचरित्र नाही असं गृहीत धरून मामा ओरडला. ज्या बाईला विचारायचं तिला दोघांनीही विचारलं नाही.

आणि हे मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं. मैत्रीण काय म्हणाली ते पत्रात आहे, मॅडम काय म्हणाल्या ते आहे, मामा काय म्हणाला ते आहे. आजीने फिल्म पाहिली का, याचा उल्लेखच नाही.

'ओव्या कुणाच्याच नसतात' या तुझ्या वाक्याचा उगम इथेच आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शेतात, घरात काम करताना गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, म्हणून ती गाणी कागदावर उतरली. बहिणाबाई 1951 साली गेल्या, आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं. ते कागद नसते तर आज आपण त्याच गाण्यांना 'खानदेशातली लोकगीतं' म्हटलं असतं आणि कवयित्रीचं नाव कुणाला ठाऊक नसतं. जिचं नाव टिपून घेतलं नाही ती अनामिक, बाकी काही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ऑनलाइन संग्रहात ऐकता-वाचता येतात. तिथे ओवीबरोबर म्हणणारीचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. एवढ्या ओव्यांचा ढीग असूनही प्रत्येकीला तिच्या बाईशी बांधून ठेवलं आहे. तुझ्याकडे तर एकच बाई आहे.

तेव्हा गावाला जा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवून 'आजी बघ गं' करू नकोस. लॅपटॉप घेऊन जा, आवाज मोठा ठेव, शेजारी बस. ती पहिल्यांदा बहुतेक म्हणेल, "मला काय कळतंय त्यातलं, तुझ्या मनासारखं कर." ही परवानगी धरू नकोस. नातीचं कौतुक आहे ते. पुन्हा लाव आणि एकेक गोष्ट विचार. ही ओवी कुणाकडून आली? हा फोटो इथे ठेवू का? तुझं नाव कसं लिहू, माहेरचं की सासरचं? (हा प्रश्न विचारच. ओव्या बहुधा माहेरच्या असतात आणि नाव आपण सासरचं छापतो.) कॉलेजात दाखवलं तर चालेल? बाहेरच्या कॉलेजांतल्या लोकांसमोर? आणि इंटरनेटवर टाकलं तर गावातली माणसंही बघतील, ते चालेल का? यातल्या एकाला हो आणि दुसऱ्याला नाही असं उत्तर येऊ शकतं. तसं आलं तर तसंच पाळायचं.

समजा, ती म्हणाली, "छे गं, ही माझ्या आत्याबाईची ओवी, तुझे आजोबा बिचारे साधे होते." मग फोटो हलव. त्या ओवीवर नुसतं जातं दाखव, हात दाखव, किंवा काहीच नको, काळा पडदा चालेल. समजा, ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "असंच होतं." मग तो फोटो तिथे राहावा की नाही हे ठरवायचा अधिकार तिचा. मामाला तो नाही आणि तुलाही नाही. एक मात्र कर, तिला हे मामासमोर विचारू नकोस. मुलासमोर त्याच्या बापाविषयी ती काय बोलणार?

मामाशी स्वतंत्र बोल. त्याला हेही सांग की रेकॉर्डिंग त्याने केलं नसतं तर फिल्मच झाली नसती. हे तू त्याला अजून सांगितलेलं दिसत नाही, निदान पत्रात तरी नाही. फिल्ममध्ये त्याचं नाव कुठल्या कामासाठी टाकलंस? 'विशेष आभार' मध्ये ढकललं असशील तर तिथून काढ आणि 'ध्वनिमुद्रण' असं स्पष्ट लिही.

आता ज्या गोष्टीबद्दल तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, तिच्यावर मला थांबायचं आहे. एआयने आजीच्या आवाजात म्हटलेला ओवीचा शेवट. बाकी सगळ्या काळज्यांपेक्षा मला ही मोठी वाटते. फोटोवर ओवी ठेवलीस तेव्हा निदान बघणाऱ्याला दिसतं की हे कुणीतरी जोडलंय. इथे जोड दिसतच नाही. आजीने न म्हटलेले शब्द आजीच्या गळ्यातून येतात आणि ऐकणारा ते तिचे म्हणून घेतो. पुढे दहा वर्षांनी घरातलं एखादं पोर हीच फिल्म ऐकून ओवी पाठ करेल, तेव्हा यंत्राने जुळवलेला शेवट तुमच्या घराण्याची ओवी होऊन बसेल.

एकनाथांचा दाखला इथे चपखल बसतो. नाथ म्हणजे नव्याने सांगण्यात आपल्याकडे सगळ्यांचे उस्ताद. रामायण त्यांनी मराठीत आपल्या पद्धतीने सांगितलं. वासुदेव, जोशी अशी दारोदार फिरणारी माणसं उचलून त्यांच्या तोंडून भारुडं म्हणवली. असा माणूस 1584 साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करायला बसला, कारण तोवरच्या तीनेकशे वर्षांत नकला करताना लोकांनी बरंच काही इकडचं तिकडे केलं होतं. ते काम संपवून त्यांनी बजावलं, 'ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥' नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. ज्ञानेश्वरांवरून प्रेरणा घेऊन स्वतःच्या नावाने शंभर ग्रंथ लिहा, नाथांची ना नव्हती, ते स्वतः तेच करत होते. ज्ञानेश्वरांच्या पाठात आपली ओवी गुपचूप घुसवायला मात्र त्यांचा सक्त विरोध होता. तुझ्या फिल्ममध्ये या दोन्ही गोष्टी आहेत. फोटोची जोड ही पहिली, एआयचा शेवट ही दुसरी.

तो शेवट काढून टाक. गावाला जाणारच आहेस, तर आजीला पुन्हा म्हणायला सांग. ती आता वेगळा शेवट करेल कदाचित, तर तो वेगळाच घे आणि खाली वर्ष लिही. आठवलाच नाही, तर भांड्यांच्या आवाजात बुडालेला मूळ तुकडा तसाच ठेव, सबटायटलमध्ये 'पुढचं ऐकू येत नाही' लिही. मला विचारशील तर तो भांड्यांचा आवाज तुझ्या त्या बीटपेक्षा जास्त चांगला आहे.

गाणं आणि बीट यांचं लवकर उरकू. 20 सेकंद चालतात, 30 सेकंद चालतात, अशी सेकंदांची सवलत भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कुठेही नाही, ही निव्वळ दंतकथा आहे. 'हक्कभंगाचा हेतू नाही' ही ओळ खाली टाकल्यानेही काही होत नाही. कायद्याच्या कलम 52 मध्ये शिकण्या-शिकवण्यासाठी खरीखुरी मोकळीक आहे. विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून केलेला वापर चालतो. संस्थेच्या कार्यक्रमात फिल्म किंवा रेकॉर्ड लावायलाही मुभा आहे, पण प्रेक्षक त्या संस्थेचे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील तर. म्हणजे वर्गात तू सुरक्षित होतीस. दहा कॉलेजांचा महोत्सव या चौकटीत बसेल असं धरून चालू नकोस, आणि यूट्यूब तर नाहीच.

'गाणं खूप जुनं आहे' हेही तपासून बघावं लागतं, कारण एका गाण्यात अनेक हक्क असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षं. शब्दांचा मात्र कवीच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं, संगीताचंही तसंच. गदिमा 1977 साली गेले, तर त्यांनी लिहिलेल्या शब्दांवरचा हक्क 2037 साल संपेपर्यंत आहे, मग रेकॉर्ड कितीही घासलेली असो. आणि हो, गाणारीचाही हक्क कायद्यात वेगळा धरलेला आहे, 50 वर्षांचा, आणि तो फक्त स्टुडिओत गाणाऱ्यांसाठी नाही. आजीला उगाच विचारायला सांगत नाहीये मी.

बीट मित्राने स्वतः केला आहे की कुठून उतरवून घेतला आहे, हे त्याला विचार. 'नो कॉपीराइट' असं लिहिलेल्या फायली मूळ मालकाने टाकलेल्या असतातच असं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असेल, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर वापरायची परवानगी आधीच देऊन ठेवली असेल, तर त्याची अक्षरं नीट वाच. 'बीवाय' म्हणजे नाव द्या, 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नको, आणि 'एनडी' असेल तर बदल करून वापरायची परवानगीच नाही, म्हणजे रीमिक्सला ते कामाचं नाही. पण खरंच लागतंय का ते सगळं? गाणं काढ, बीट काढ, आणि जात्याची घरघर, दाण्यांचा घास पडतानाचा आवाज, मधली विश्रांती हे गावाला गेलीस की मोबाइलवर टिपून आण. जातं फिरताना ओवीची लय कुठे लांबते ते कानाला कळेल. फिल्म गाण्याविना उघडी पडली तर समज की गाणं तिथे भोक बुजवायला आणलं होतं.

तुझ्यासारखेच इतर वाचक असतील. कुणी वडिलांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटची रील करतंय, कुणी गोंधळाच्या संबळावर रॅप बसवतंय, कुणी गावच्या कीर्तनाचे तुकडे कापून पॉडकास्ट करतंय. एडिटिंगला बसायच्या आधी वहीचं एक पान आखा. प्रत्येक तुकड्यापुढे लिहा, हा कुणाचा, मला कुणी दिला, मी त्याचं काय केलं, आणि हा जिथे ठेवलाय तिथे ठेवल्याने कुणाविषयी काय म्हटल्यासारखं होतंय. पहिल्या तीन गोष्टी बहुतेक जण कधी ना कधी लिहितात, चौथी कुणी लिहीत नाही. आणि नाव देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. न विचारता कुणाची सायकल नेली आणि तिच्यावर मालकाचं नाव लिहून ठेवलं, म्हणून मालक खूश होत नाही.

मनोगताचा प्रश्न आता फार मोठा राहिलेला नाही. 'सर्जनशीलता म्हणजे' अशी व्याख्या करून सुरुवात करू नकोस आणि 'या प्रोजेक्टमधून मला खूप काही शिकायला मिळालं' असा शेवट करू नकोस. ही दोन वाक्यं वाचून तपासणारीचे डोळे आपोआप पुढच्या पानाकडे जातात. थेट त्या झूमपासून सुरू कर. तो का केलास? त्या वेळी काय वाटत होतं? तो न करता कसं दिसतं ते तू पाहिलं होतंस का? मग मामा काय म्हणाला (त्याला विचारून लिही), आजी काय म्हणाली, आणि आता तिथे काय आहे. दुसरा भाग एआयच्या शेवटाचा. तो तुला इतका किरकोळ का वाटला होता हे प्रामाणिकपणे लिहिलंस, तर तुझ्या मॅडमना त्यातच वाचण्यासारखं सापडेल, कारण वर्गातल्या बहुतेकांनी कुठे ना कुठे तेच केलेलं असणार. 1,000 शब्द याच दोन ठिकाणी संपतील. संगीत नाटक, चित्रकथी वगैरे मी सांगितलं ते जागा उरली तरच घाल, आणि ते पुस्तक स्वतः उघडून बघितलं असेल तरच.

फिल्म मागे घ्यायची का? आत्ता नको. मॅडमना या आठवड्यातच सांग की निवडलेली फिल्म बदलणार आहे, सुधारलेली प्रत कधीपर्यंत चालेल ते विचार. शनिवार-रविवार गावाला जाऊन ये, परत आल्यावर कापाकापीला आठवडाभर मिळेल. आजीने बाहेर दाखवायला नको म्हटलं तर महोत्सवातून नाव काढून घे आणि कारण लेखी दे. मार्कांसाठी मनोगत तुला तरीही लिहिता येईल, आणि फिल्म घरात राहील. मैत्रिणीला मात्र नवी प्रत आधी दाखव. तिने पहिल्यांदा जे विचारलं ते बोचरं होतं, पण फिल्म एवढ्या लक्षपूर्वक बाकी कुणी पाहिलेली दिसत नाही.